न खाकरणारा कॅमेरा

माझे मोठे दीर वाशिंदला राहतात आणि आमच्या ओटीवरही राहतात. वाशिंदला ते जेवतात, झोपतात, कंपनीत कामाला जातात. आमच्या ओटीवर ते फक्त बघतात आणि बोलतात. हे कसं, ते सांगायचं तर आधी आमच्या घरातली रीत सांगायला हवी. तसं हे वाचणार कोणी नाही. लेकीच्या जुन्या वह्यांची मागची पानं कोरी राहिली आहेत, ती चुलीत घालण्यापेक्षा बरं म्हणून लिहिते.

रीत अशी की धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नाही. भांडण म्हणून नाही, मान म्हणून. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून मी त्यांच्याशी थेट एक शब्द बोललेली नाही, तेही माझ्याशी बोललेले नाहीत. पण म्हणून बोलणं कधी अडलं नाही. मध्ये कोणीतरी असलं की झालं. सासूबाई असल्या तर सासूबाई, पुढे माझी लेक. ती लहान असताना मी तिला सांगायची, "त्यांना म्हणावं, पाणी तापलंय." ते तिला सांगायचे, "म्हनावं, येतो." लेक दोघांचं ऐकून घ्यायची आणि कोणालाच काही न सांगता खेळायला पळायची. तरी काम व्हायचं, कारण ऐकू दोघांनाही येत असायचं.

कोणीच नसलं तर खांब होता. एकदा गाय दावं तोडून पळाली तेव्हा घरात मी आणि ओटीवर ते, एवढेच. मी दाराआडून अंगणातल्या कोंबडीला सांगितलं, "गाय सुटली गो, कुणीतरी जायला हवं." कोंबडी दाणे टिपत राहिली. मोठे दीर उठून गाईमागे गेले. परत आल्यावर ओटीवरच्या खांबाला म्हणाले, "बांधली."

दुसरी रीत खाकरण्याची. पुरुषमाणूस घरी येतो तो अंगणात खाकरून येतो. ओटीवर बायका पाय पसरून बसलेल्या असतात, कोणी केस विंचरत असते, कोणी पोराला पाजत असते. खाकरणं ऐकलं की सावरायला आणि आत जायला वेळ मिळतो. माझे सासरे पार आंब्याखालपासून खाकरत यायचे. आमच्या ह्यांचं खाकरणं असून नसल्यासारखं. मोठ्या दिरांचं दोनदा, आखूड, दारावर थाप मारल्यासारखं. वाशिंदला राहायला गेल्यावरही सणावाराला येत तेव्हा अंगणात आधी ते दोन खाकरे यायचे आणि मग ते यायचे. माणूस तालेवार झाला, पण खाकरणं विसरला नाही, असं आमच्याकडे बायका म्हणायच्या.

त्यांना वस्तू आणायचा नाद. शहापूरला बाजारपेठेत एक दुकान आहे, त्याच्या पाटीवर लिहिलंय: घर, दुकान, हॉटेल, लग्नाचा हॉल, सगळ्यांसाठी आवाज आणि चित्र. मोठे दीर त्या दुकानात शिरले की रिकाम्या हाताने बाहेर येत नाहीत. आधी भिंतीला चिकटणारा पातळ टीव्ही आला. मग टीव्हीचा आवाज बारीक वाटला म्हणून त्याच्याखाली ठेवायचा लांबट स्पीकर आला, त्याला साऊंडबार म्हणतात. तो लग्नाच्या हॉलसाठीचा चुकून आम्हाला दिला असावा. मालिकेतली सासू सुनेवर ओरडली की आमचे पत्रे थरथरायचे आणि गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. माझ्या सासूबाई पदराचं टोक तोंडात धरून दबून बसायच्या. त्यांना कोणाचा वचक वाटताना मी तेव्हाच पाहिलं.

कॅमेरा आला तो सासूबाईंसाठी. आदल्या पावसाळ्यात त्या अंगणात घसरल्या होत्या. हाड मोडलं नाही, पण मोठ्या दिरांनी मनाला लावून घेतलं. "आईवर लक्ष पायजे," असं फोनवर ह्यांना म्हणाले. लक्ष ठेवायला मी दिवसभर घरात होतेच, पण मी काही दुकानातून आणलेली नव्हते.

दुकानाचा माणूस शिडी घेऊन आला. ओटीच्या आढ्याला त्याने एक पांढरा गोळा बसवला, नारळाएवढा, मध्ये काळा डोळा. त्याला फोनसारखं सिमकार्ड होतं. सासूबाई खाली उभ्या राहून बघत होत्या.

"ह्यो काय काय करतो रे?"

"आजी, हा बगतो, ऐकतो आनि बोलतो. मान पन फिरवतो."

"मंजे काम काय करीत नाय."

"नाय."

"मंग शोभंल आमच्या घरात," सासूबाई म्हणाल्या आणि ह्यांच्याकडे बघितलं. हे जीप पुसायला गेले. हे शेणव्याहून शहापूरला जीप चालवतात आणि टोमणे मारून झाले की परत येतात.

मी दाराआडून ऐकत होते. मला एकच विचारायचं होतं, पण परक्या माणसाला विचारणार कशी? सासूबाईंच्या कानात सांगितलं, त्यांनी मोठ्याने विचारलं, "ही विचारते, तो बगत असंल तवा कलतं का, की बगतोय?"

माणूस हसला. "नाय ओ. ते कधी पन बगू शकतात. तीच तर मज्जा हाय."

मज्जा कोणाची, हे त्याने सांगितलं नाही.

संध्याकाळी गोळ्यातून आवाज आला, "आई!" अगदी मोठ्या दिरांचा. सासूबाईंनी दाराआड बघितलं, अंगणात बघितलं, मग मला म्हणाल्या, "आला गो तो, चाय ठेव." मी चहा ठेवला. डोक्यावर पदर घेऊन, नजर खाली ठेवून बाहेर आले आणि पितळीत कप ठेवून तो गोळ्याखाली ठेवला. आत आल्यावर मला कळलं की मी काय केलंय. पण आता परत जाऊन उचलायचा कसा, ते बघत होते ना. चहा सासूबाईंनी प्यायला. गोळा म्हणाला, "मी जेवलो हाय, तू घे."

गावाला कळायला दोन दिवस लागले नाहीत. मोठे दीर आता रोज ओटीवर भेटतात म्हटल्यावर लोक त्यांना भेटायला यायला लागले. कोणी आपल्या पोराला घेऊन गोळ्यासमोर उभं राहायचं, "भाऊ, ह्याला तुमच्या कंपनीत घ्या ना." पोरगा खाली मान घालून उभा. गोळा गप्प. मोठे दीर पाळीवर असले तर गोळा दिवसभर गप्पच असायचा, पण माणसं आपली बोलून जायची आणि काम सांगितल्याचं समाधान घेऊन घरी जायची. शेजारीण आमच्या बकरीची तक्रार घेऊन आली. पूर्वी ती मला सांगायची. आता म्हणाली, "तुला कशाला सांगू? वर सांगते." आणि वर बघून सांगितलं.

एवढ्या लोकांचं भलं झालं. माझं मात्र एक नुकसान झालं, आणि ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

दुपारची भांडी झाली, सासूबाई माजघरात आडव्या झाल्या, हे जीपवर असले, की मी ओटीवर बसायची. एक तासभर. खांबाला पाठ लावून, पाय पसरून. डोक्यावरचा पदर खांद्यावर, न्हालेली असले तर केस मोकळे. वाण्याच्या पुड्यांचे कागद जमवून ठेवलेले असायचे, ते वाचायची. बातमीचा कधी वरचा अर्धा भाग मिळायचा, कधी खालचा. कोणी पकडला गेला ते कळायचं, त्याने काय केलं ते नाही. मला चालायचं. मग डोळा लागायचा. डोंगरावरून वारा येतो तो फक्त ओटीवर येतो. आत पत्रे तापतात, चुलीकडे धूर, मागच्या दारी ऊन. पहाटे उठल्यापासून झोपेपर्यंत ती एकच जागा आणि तो एकच तास असा होता, की मी कोणाची कोणी नव्हते.

आता त्या ओटीवर मोठे दीर होते. दिवसभर. थोरला दीर ओटीवर असताना धाकटी सून उघड्या डोक्याने पाय पसरून बसते का? नाही बसत. मी ओटीवरून झाडू मारत जायची तीसुद्धा पदर कपाळापर्यंत ओढून, भिंतीच्या कडेने.

हे हसायचे. "यंत्राला कसला पदर घेतेस?"

"यंत्राला नाही. त्यांना."

"दादा काय दिसभर तेच बगत बसलाय? त्याला कामं नायत?"

"मग कधी बघतात?"

"कधी पन बगंल. टाइम असंल तवा."

"तेच म्हणते मी."

"मंग बस की!"

ह्यांना हे इतकं सोपं वाटत होतं की मी झाडू उचलून पुढे गेले. पुरुषाला कोणी कधी ओटीवरून उठवलेलं नसतं.

मी उपाय करून बघितले. गोळ्याच्या बरोबर खाली, भिंतीला लागून बसले, तिथे दिसत नसेन असं वाटलं. जरा वेळाने वर घर्रर्र झालं. गोळ्याने मान खाली घातली होती आणि काळा डोळा माझ्या भांगात बघत होता. हलणाऱ्या माणसाच्या मागे तो आपोआप मान वळवतो, हे लेकीने नंतर फोनवर सांगितलं. ती मुरबाडला कॉलेजच्या होस्टेलवर असते. मी तेव्हा उठून आत पळाले आणि दिवसभर तोंड दाखवलं नाही, कोणालाच.

मग मी आडवी दोरी बांधून त्यावर ओलं लुगडं वाळत घातलं. तासभर बसायला मिळालं. दुसऱ्या दिवशी गोळा बोलला, "आई, समोर कापड आलंय गो, काय दिसत नाय. कुनाला तरी काढायला सांग." हे 'कुनाला तरी' म्हणजे मी. इतक्या वर्षांत त्यांनी माझं घेतलेलं हे सगळ्यात जवळचं नाव. लुगडं काढलं.

माघ संपत आला होता, उन्हं तापायला लागली होती. वरच्या आळीत एका घरी तांदळाच्या फेण्या घालायच्या होत्या, सासूबाई सकाळीच तिकडे गेल्या. हे जीपवर. घरात मी एकटी. मी न्हाले, जेवले, भांडी घासली. आत इतकं उकडत होतं की चुलीत आणि घरात फरक वाटत नव्हता. ओटीवर वारा होता. गोळ्याकडे बघितलं, तो रस्त्याकडे बघत होता. मनात म्हटलं, आता त्यांची कंपनीची वेळ आहे, पाळी असणार. हलले नाही तर मान वळवणारही नाही. मी हळूच जाऊन आडवी झाले. केस वाळायला मोकळे सोडले, पदर पायांवर घेतला, उजेड नको म्हणून वाण्याचा कागद तोंडावर ठेवला. त्यात मिरची बांधलेली होती, तरी झोप लागली.

"आई!"

मी जागी झाले, पण कागद तोंडावरच होता. वर घर्रर्र झालं. गोळा माझ्याकडे वळला होता.

"आई! ए आई! अशी का झोपलीस? ऊठ गो!"

आता इथे कोणी शहाणी बाई असती तर उठली असती. मीही उठायचं ठरवलं. मग आठवलं की केस मोकळे आहेत, डोकं उघडं आहे, पदर पायांवर आहे. उठून बसले तर अशी त्यांच्या समोर बसणार. पदर ओढायचा तर हात हलवावा लागणार, हात हलवला तर जागी आहे हे कळणार, जागी असून समोर पडून राहिले हेही कळणार. त्यापेक्षा पडूनच राहावं, थोड्या वेळाने कंटाळून जातील, मग पळता येईल. मी श्वास रोखून धरला. कागद हलायला नको म्हणून.

"आई! बोल की गो काय तरी! आई!" त्यांचा आवाज चिरकायला लागला. "ती हालत नाय… तोंडावर कागद कुनी घातला… आई!"

मग गोळा गप्प झाला. मला वाटलं, गेले. ते गेले नव्हते, ते फोन लावत होते. ह्यांना, शेजाऱ्यांना, वरच्या आळीला, ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला.

मी उठणार एवढ्यात अंगणात पावलं वाजली आणि एकाच वेळी पाच-सहा माणसं ओटीवर आली. कोणीही खाकरलं नाही. कोणी माझ्या तोंडावर पाणी मारलं, त्याने कागद मऊ होऊन नाकाला चिकटला. कोणी फोडलेला कांदा पुढे केला. शेजारीण रडायलाच लागली, "कालच बकरीचं बोलले गो मी." मी उठून बसले, पदर ओढला आणि गुडघ्यात तोंड घातलं.

"आरे, ही तर सून हाय!" कोणीतरी म्हणालं. त्या आवाजात थोडी निराशा होती.

तेवढ्यात वरच्या आळीकडून बायकांचा घोळका धावत आला, हातांना फेण्यांचं पीठ लागलेलं. सगळ्यांत पुढे सासूबाई, छाती बडवत. "काय झाला गो? कोन गेला? आमच्या घरात कोन गेला?"

सगळे गोळ्याकडे बघायला लागले. शेवटी शेजाऱ्याने सांगितलं, "आजी, तुमीच."

सासूबाई जागीच थांबल्या. मग गोळ्याकडे वर बघून त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते मला लिहिता येणार नाही. शब्द येतात, पण लिहवत नाहीत. गोळा ऐकून घेत नव्हता, कारण मोठे दीर तोवर अर्धी पाळी टाकून मोटरसायकलवर बसले होते, फोनही उचलत नव्हते. मग हे आले, जीप घेऊन, आत प्रवासी तसेच. ह्यांनी वाटेत कोणाला उतरवलं नव्हतं. प्रवासीही उतरून बघून गेले. शहापूरला कामासाठी निघालेली ती माणसं, त्यांना मयत बघायला आणलं आणि मयताने शिव्या दिल्या.

उन्हं कलली तेव्हा मोठे दीर आले, मागे माझी जाऊ, तिचे डोळे सुजलेले. ते अंगणातून धावत आले, खाकरले नाहीत. आई गेली असं वाटणाऱ्या माणसाने खाकरावं असं माझंही म्हणणं नाही. सासूबाई खांबाला टेकून वाल सोलत होत्या. मोठे दीर त्यांच्या पायाशी बसले आणि रडले. मी दाराआडून बघितलं. त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि हे सगळं माझ्या एका तासापायी, म्हणून आणखी वाईट वाटलं.

चहा झाला. मग मोठ्या दिरांनी खांबाला विचारलं, "मंग तिथं झोपलं कोन होतं?"

"ती व्हती," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी कोन? तुला माज्या मरनाचीच घाई."

मोठे दीर परत खांबालाच, "मंग एवढ्या हाका मारल्या, उठायला काय झालं?"

हा सवाल मला होता. विचारून झाल्यावर त्यांनी फोन काढून त्यात ओटी लावून बघितली आणि फोन खिशात टाकला. सासूबाई रागात होत्या, त्या निरोप पोचवणार नव्हत्या. ह्यांना चहाच्या कपात अचानक काहीतरी दिसलं होतं. लेक मुरबाडला. कोंबड्या खुराड्यात. मी दाराआड उभी होते आणि समोर आढ्याला तो गोळा, त्याने सवयीने माझ्याकडे मान वळवली होती. विचारणारा असा चेहरा करून आजवर माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. मी त्यालाच सांगितलं.

"त्यांना म्हणावं, केस मोकळे होते. डोक्यावर पदर नव्हता. उठणार कशी?"

आणि मोठ्या दिरांच्या खिशातून माझा आवाज आला. फोनवर लावलेली ओटी बंद करायची राहिली होती. "…उठणार कशी?" खिसा म्हणाला, जरा उशिरा, आणि माझ्यापेक्षा मोठ्याने. सगळ्यांनी खिशाकडे बघितलं.

एवढ्यावर मी आत जायला हवं होतं. पण एकदा निरोप्या मिळाला होता आणि तो निरोप खरोखर पोचवत होता. आजवरच्या कोणत्याही निरोप्याने हे केलं नव्हतं.

"आणि म्हणावं," मी गोळ्याला म्हणाले, "माणूस बायकांच्या ओटीवर येतो तो खाकरून येतो. तू दिवसभर येतोस, एकदाही खाकरत नाहीस. एक बाई दुपारची तासभर बसायची, ती उठली."

"…ती उठली," खिसा म्हणाला.

जावेने पदर तोंडाला लावला. रडत होती की हसत होती, ते मला दिसलं नाही. सासूबाईंचे वाल सोलायचे हात थांबले. मोठ्या दिरांनी खिशातून फोन काढला, त्याच्याकडे बघितलं, बंद केला. कप खाली ठेवला. उठताना खांबाला म्हणाले, "पोचला."

नंतर काही दिवस गोळा गप्प होता. मला वाटलं, रागावले. हेही म्हणाले, "दादाला असं बोलायला नको होतं."

"त्यांना कुठे बोलले? कॅमेऱ्याला बोलले."

हे जीप पुसायला गेले.

मग एका दुपारी, मी झाडू मारत असताना, आढ्यावरून दोन खाकरे आले. आखूड, दारावर थाप मारल्यासारखे. मी पदर घेतला आणि आत गेले. जरा वेळ शांतता. मग, "आई, बरी हायेस ना?" सासूबाईंनी बरी असल्याचं सांगितलं. मग गोळ्याने आपण होऊन आंब्याकडे मान वळवली आणि तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी भांडी झाल्यावर ओटीवर बसले. आधी नुसती टेकले. मग पाय लांब केले. मग पदर खांद्यावर आला. दुपार सरत आली तेव्हा खाकरणं आलं, मी उठून आत गेले, त्यांचं बघून झालं, मी परत येऊन बसले. इतकं सोपं होतं. त्यासाठी फक्त सासूबाईंना एकदा मरावं लागलं.

आता सगळं ठीक आहे, एक सोडून. त्या दिवशीचं माझं बोलणं सासूबाईंच्या लक्षात राहिलं नाही. त्यांच्या लक्षात स्वतःचं मरण राहिलं, आणि ते साहजिक आहे. त्यांना आता एवढंच कळतं, की मुलगा रोज खोकतो. शिमग्याला जाऊ आली, तिला म्हणाल्या, "त्याची छाती बगून घे गो. रोज दोनदा खोकतो, सुका खोकला."

जाऊही काळजीत. ती दाराआड येऊन मला म्हणाली, "तुला सांगते, घरात बाकी टायमाला नाय खोकत. फोन हातात घेतला की आधी छातीवर उलटा धरतो, दोनदा खोकतो, जरा थांबतो, मंग बगतो. डॉक्टरला दाखवलं. तो बोलला काय नाय."

मी जावेकडे बघितलं. त्या संध्याकाळी ती तिथेच होती, सगळं ऐकलं होतं. तिने कळत असून विचारलं की खरंच कळलं नव्हतं, हे मी अजून ठरवू शकले नाही. मी म्हणाले, "फोनची हवा बाधत असेल."

मोठे दीरही आईला खरं सांगत नाहीत. काय सांगणार? धाकट्या सुनेच्या सांगण्यावरून खाकरतो म्हणून? त्यापेक्षा आजारी असलेलं बरं.

डॉक्टरला काय कळतं, असं ठरवून सासूबाईंनी अडुळशाचा काढा सुरू केला. अडुळसा बांधावर आहे. पानं मी तोडते, आलं-मिरी घालून मी उकळते, बाटलीत भरते, हे वाशिंदला नेऊन देतात. मोठे दीर तो घेतात. हे सांगतात, दादा तोंड वाकडं करतो, पण एका दमात पितो, आणि रिकामी बाटली परत देताना म्हणतो, "म्हनावं, गुन येतोय." कोणाला म्हणावं, ते सांगत नाही.

सासूबाईंचं म्हणणं, काढा कडूच हवा, गोड काढ्याने खोकला बरा होत नाही. बरा झाला तर माझी ओटी जाईल. त्यांची पाठ वळली की मी चुलीवरच्या पातेल्यात गुळाचा खडा टाकते, मोठा.